कनेरगाव नाक्यावरची सॅक

"एका पिशवीसाठी थेट हिंगोली जिल्हा?" भुसावळ स्टेशनात गाडी हलली तेव्हा माझ्या नवऱ्याने खिडकीच्या गजांतून पुन्हा एकदा विचारलं. आठवडाभर तो हेच विचारत होता. मी आठवडाभर दिलेलं उत्तर पुन्हा दिलं. "पिशवी नाही, सॅक. आणि पाठ माझी आहे."

ज्यांनी कधी पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेला नाही त्यांना हे समजावणं अवघड आहे. माझी पाठ आखूड. त्यात स्कूटरवरून पडून मोडलेलं गळ्याजवळचं हाड थोडं वर जुळलेलं. बाजारातल्या मोठ्या सॅका उंच पुरुषांच्या मापाच्या. त्यांचा कमरपट्टा माझ्या मांड्यांवर येतो, मग सगळा भार खांद्यांवर आणि नेमका त्या हाडावर. गेल्या वर्षी हिमाचलात भाड्याची सॅक घेऊन गेले, दुसऱ्याच मुक्कामाला उजवा हात बधिर झाला आणि बाकीचा गट वर गेला तेव्हा मी एका खेचराच्या मागून खाली उतरले. यंदा मे महिन्यात पुन्हा त्याच वाटेला जायचं ठरवलं होतं, तेही स्वतःचं ओझं स्वतः वाहून.

जुन्या सामानाच्या खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर मला ती सॅक दिसली. आखूड पाठीची, बायकांच्या मापाची. कंपनीने ती बनवणं बंद केलेलं. कडुनिंबाच्या फांदीला लटकवून काढलेला फोटो, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. विकणाऱ्याचं नाव गजानन. मी म्हटलं, कुरिअरने पाठवा. उत्तर आलं, "न्हाई जमत. तुमी या, पाठीला लावून बघा, मग न्या." कारण विचारलं तर काहीच नाही. फोन केला तर तो दबक्या आवाजात बोलायचा आणि मध्येच तोडून टाकायचा.

माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर पाकिटावरची मुदत उलटून पाहणारी बाई सहजासहजी कुणावर विश्वास ठेवत नाही. हा माल चोरीचा असणार, असं मला वाटलं होतं. तरीही मी निघाले, कारण फोटोतल्या पट्ट्यांचं अंतर मी पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं होतं आणि ते बरोबर माझं होतं.

अकोल्याला गाडी बदलली आणि पूर्णेकडे जाणारी पकडली. वाशिमच्या पुढे डब्यात जागा झाली. समोर एक हिरव्या लुगड्यातली बाई बसली होती, मांडीवर हुळ्याची (भाजलेल्या ओल्या हरभऱ्याची) पुरचुंडी. तिने मला विचारायला सुरुवात केली. कुठल्या, कुणाकडे चालल्या, एकट्याच काहून? मी सांगून टाकलं की वसमतला मावशीकडे चालले आहे.

"मावशीचं घर कोणत्या गल्लीत?"

"त्या घ्यायला येणार आहेत," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

तिने मूठभर हुळा माझ्यापुढे धरला. प्रवासात अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगते. मी नको म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग तोच हुळा स्वतःच्या तोंडात टाकून सावकाश चावला.

"इख न्हाई त्यात," ती हसून म्हणाली. मग तिने हिंगोली येईपर्यंत माझ्याशी एक शब्द काढला नाही. मला भूक लागलेली होती आणि सबंध डब्यात त्या हुळ्याचा धुरकट वास सुटला होता.

वसमतला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. मार्च महिना म्हणजे इथे हळदीचा महिना. स्टेशनपासून गावात येईपर्यंत रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी तोच वास, ओल्या मातीचा आणि औषधाचा मिळून झालेला. मोंढ्याच्या (बाजार समितीच्या आवाराच्या) फाटकासमोर भेटायचं ठरलं होतं. आत टेम्पो, ट्रॅक्टर आणि पोत्यांच्या थप्प्या. हमालांच्या कपाळावरून वाहणारा घामसुद्धा पिवळा. फाटकासमोरच्या रसवंतीच्या सावलीत मी उभी राहिले. गजानन नाही. फोन केला, उचलला नाही. रस पिऊन झाला, पुन्हा फोन केला.

"मॅडम, तुमी वसमतलाच हायत का?" तोच दबका आवाज. "जरा घोटाळा झाला. तुमी हिंगोलीला या ना."

"मी हिंगोलीवरूनच आले! गाडी तिथूनच आली!"

"तकलीफ झाली तुमाला. पण मला वसमतला न्हाई येता येत आता. हिंगोलीच्या स्टँडवर या." फोन बंद.

रसवंतीवाल्याने माझा चेहरा पाहिला. "कुनाची वाट बघून राहिल्या ताई?" त्याने विचारलं. मी त्यालाही सांगितलं, मावशीची. इतक्या वेळात ती मावशी मला खरी वाटू लागली होती.

परत जायचा विचार आला. पण परतीची गाडी हिंगोलीवरूनच जाणार होती. म्हणून मी औंढ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले. बसमध्ये उकडत होतं. शेतांमधून हळद शिजवायच्या कढयांची वाफ वर येत होती. रस्त्याच्या कडेला, खळ्यांवर, गच्च्यांवर, एका शाळेच्या मैदानातसुद्धा हळकुंडं वाळत घातलेली. औंढ्याला देवदर्शनाची माणसं उतरून गेली आणि मला खिडकी मिळाली. मी नवऱ्याला निरोप पाठवला की जागा बदलली आहे. त्याने लगेच उत्तर पाठवलं, "परत ये." मी ते वाचलं नाही असं दाखवलं.

हिंगोलीच्या स्टँडवर वाहक "नरसी, नरसी" ओरडत होते. गजानन इथेही नव्हता. त्याचा निरोप मात्र आला होता. "कनेरगाव नाका. चाचीचा ढाबा. बॅग तिथंच हाय."

आता मात्र मी घाबरले. दोनदा जागा बदलणारा माणूस, चेहरा न दाखवणारा, फोन तोडणारा. पण कनेरगाव नाका वाशिमच्या रस्त्यावर होता, म्हणजे माझ्या घराच्या दिशेला. भर दुपार होती आणि ढाबा कुणा चाचीचा होता. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत मी विचारलं, नाक्यावर चाचीचा ढाबा आहे का? आतल्या माणसाने वर न पाहता सांगितलं, "हाय की. ठेचा मागा." त्याच्या त्या सहजपणाने मला जरा धीर आला. नवऱ्याला मी माझं ठिकाण दाखवणारी खूण पाठवली, फोनची बॅटरी पाहिली आणि वाशिमच्या बसमध्ये चढले.

चाचीचा ढाबा म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन-चार बाजा, एक चूल आणि तिच्यापुढे बसलेली रजिया चाची. साठीची असेल. ज्वारीची भाकरी ती हातावरच थापत होती. मी खाली बसायच्या आधीच तिने ताट पुढे सरकवलं. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा. "पैले खा लो, बाद में बात," ती म्हणाली, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून मराठीत आली. "लई फिरवलं न पोरानं तुमाला? मी त्याला बोल्ली, असं न्हाई करत कुनी."

भूक संशयापेक्षा मोठी झाली होती. मी खाल्लं. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं.

गजानन मागच्या बाजूने आला. तिशीचा, उंच, रुंद खांद्यांचा, पांढरा इस्त्रीचा सदरा. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. इतका नम्र माणूस पाहून माझा संशय वाढला. त्याने आतल्या खोलीतून एका जुन्या चादरीत गुंडाळलेली सॅक आणली आणि बाजेवर ठेवली. ठेवताना त्याने रस्त्याकडे पाहिलं.

सॅक निळ्या रंगाची होती, वापरलेली पण धडधाकट. मी माझी नेहमीची पद्धत धरली. आधी सगळे पट्टे सैल केले. रिकामी सॅक कुणालाही छान बसते, म्हणून वजन पाहिजे होतं. चाचीने ज्वारीच्या पिठाच्या दोन पिशव्या काढून दिल्या. त्या आत टाकून मी सॅक गुडघ्यावर घेतली, तिथून पाठीवर फिरवली. वाकून आधी कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळला, मग खांद्याचे पट्टे ओढले, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, आणि शेवटी छातीचा. आणि सरळ उभी राहिले.

काय सांगू! ओझं होतं, पण ते माझ्या कमरेवर बसलं होतं, एखादं लेकरू कडेवर बसावं तसं. खांद्यांवर पट्टे नुसते टेकले होते. त्या वाकड्या हाडावर काहीच नव्हतं. मी ढाब्याच्या अंगणात चालले, पायरी चढले-उतरले, खाली वाकून चप्पल उचलली. सॅक जागची हलली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या मापाचं काही बनवलं होतं.

"बराबर बसली," गजानन म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. "घेऊन टाका मॅडम."

मी सॅक उतरवली. आणि माझ्या दुकानातल्या सवयीने ती उलटसुलट करून पाहू लागले.

पाठीकडच्या जाळीवर घामाचे डाग होते. ओलसर. आजचे. कमरपट्ट्याची एक शिवण नव्या दोऱ्याने घातलेली, बारीक आणि घट्ट, आणि दोरा अजून मळलेला नव्हता. आत, तळाच्या शिवणीत, पिवळी पूड. जी वस्तू विकायची आहे तिची शिवण कुणी इतक्या निगुतीने घालत नाही. आणि जी वस्तू पडून आहे तिला आजचा घाम येत नाही.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझीच."

मी त्याच्या उंचीकडे पाहिलं. मग कमरपट्टा त्याच्यापुढे धरला. "लावा बरं."

तो हसल्यासारखं करून मागे सरकला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पुढे काही विचारायचं नव्हतं. खिशात पैसे होते, सॅक बसली होती, वाशिमची बस येणार होती. मी न विचारता निघाले असते तर कुणाला कळणार होतं? पण चोरीचा माल मी दुकानातसुद्धा कधी घेतलेला नाही. मी सॅक बाजेवर परत ठेवली आणि म्हटलं, "मालक कोण ते कळल्याशिवाय मी घेणार नाही."

"मॅडम, चोरीची न्हाई. शपथ घेतो."

"मग कोणाची?"

चूल फुंकता फुंकता चाची बोलली. "सांग ना रे. सविताची हाय. ह्याच्या भैनीची. रोज सकाळी सरावाला हळद भरून पाठीवर घेती आन बांधावरून चालती, ह्या नाक्यापर्यंत येती, मी चाय देते. आज बी आल्ती."

गजाननने मान खाली घातली. मग एकदम, साठवून ठेवल्यासारखं, तो बोलायला लागला. बहीण डोंगरात काम करते, मोसमात लोकांच्या तुकड्या घेऊन जाते. मागच्या मोसमात तिच्यासोबत काम करणारा एक मुलगा बर्फावरून घसरला. तो गेला. ती घरी आली ती बोलेना, पण थोड्याच दिवसांत पुन्हा जायची तयारी सुरू केली. आता तिचं दिल्लीचं तिकीट काढलेलं होतं.

"आई जेवत न्हाई मॅडम. रात्री उठून तिच्या खाटेजवळ जाऊन बसते. मी म्हनलं, बॅगच न्हाई राहिली तर कशी जाईल? आज ती घरीच राहनार व्हती आन मी बॅग टेम्पोत टाकून वसमतला येनार व्हतो. ऐन टायमाला ती म्हनली, मी जाते बापूसोबत मोंढ्यात. मंग मी काय करनार? गावातून पाठवायची तर सगळ्यांना कळतं."

म्हणजे मी वसमतला रसवंतीच्या सावलीत उभी होते तेव्हा त्या फाटकाच्या आत कुठेतरी या सॅकची मालकीण पोती उतरवत होती. आणि मी दिवसभर भलत्यालाच चोर समजत होते. चोर नव्हताच, असंही मला म्हणवत नव्हतं.

"तिला फोन करा," मी म्हटलं.

"न्हाई," तो म्हणाला.

चाचीने पीठ लागलेल्या हाताने स्वतःचा फोन काढला. "मी करते. नमक खाया है मैंने इस लडकी का. रोज सकाळी ती माझं पानी भरून देती."

टेम्पो वसमतहून परतीच्या वाटेवरच होता. तो येईपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून होतो. गजाननने मला चहा पाजला आणि मी तो प्यायले. तो उठून जाईल असं मला वाटत होतं. तो गेला नाही, सॅकच्या शेजारी बसून राहिला.

टेम्पो थांबला. बापू म्हणजे त्यांचे वडील, वाळलेल्या अंगाचे, डोक्याला गमछा. सविता उडी मारून उतरली. ठेंगणी, काटक, हातांना कोपरापर्यंत हळद. तिने बाजेवरची सॅक पाहिली, मला पाहिलं, भावाला पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही.

"दादा, बॅग विकली तर मी जानार न्हाई असं वाटलं तुला? पोत्याला दोऱ्या बांधून जाईन मी."

"जा! आईच्या अंगावरून जा!"

"आईला मधी आनू नको. आईला ठाऊक बी नसंल तू काय करून राहिला ते."

गजानन उभा राहिला. त्याचा आवाज पुन्हा दबका झाला. "आईनंच काढून दिली मला. तू अंघोळीला गेल्यावर. चादरीत गुंडाळून."

सविताने ती चादर उचलली. जुनी, विटलेल्या फुलांची. ती तिने ओळखली असावी. ती बाजेवर बसली आणि हळदीचे हात मांडीवर तसेच उलटे ठेवले. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, मग दुसरी गेली.

"मला वाटलं, आईला समजलं," ती शेवटी म्हणाली. "शिवन घालताना सुईत दोरा तिनंच ओवून दिला व्हता."

मला तिथून जायचं होतं. ही माझी जागा नव्हती. मी माझी पिशवी उचलली तेव्हा सविताने वर पाहिलं.

"तुमी घ्यायला आल्या व्हत्या? बसली का तुमाला?"

"बसली," मी म्हटलं.

ती उठली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. मानेच्या तळाच्या हाडावर एक बोट आणि कमरेच्या हाडांच्या रेषेत दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून तिने माझी पाठ मापली. मग तसंच स्वतःच्या पाठीला हात लावून पाहिलं. "सारखीच हाय," ती म्हणाली. हसली नाही.

इतका वेळ बापू टेम्पोला टेकून उभे होते. त्यांनी मला विचारलं, "गाव कोनतं म्हनले?"

"भुसावळ."

"हिची दिल्लीची गाडी भुसावळहूनच हाय," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "घरात बॅग राहिली तर रोज हेच. तुझी आई लपवनार, तू हुडकनार. ह्या बाईकडं दे. आईशी बोल. आईनं हो म्हनलं तर जाताना घेऊन जाय. न्हाई म्हनली..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"न्हाई म्हनली तर ह्यांची," सविता म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने सॅक उचलून माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. माझा फोन नंबर तिने गजाननच्या फोनवरून स्वतःकडे घेतला. माझं घर कुठे, मी कोण, हे मात्र विचारलं नाही. मीच न राहवून म्हटलं, "तुम्ही मला ओळखत नाही. मी घेऊन पळाले तर?"

"पळनाऱ्या असत्या तर चाचीला फोन नसता करू दिला," ती म्हणाली.

वाशिमच्या स्टँडवर मी त्या सॅकचा प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. अनोळखी घरची वस्तू, अनोळखी लोकांनी हातात दिलेली, आणि पुढे रेल्वेचा प्रवास. संध्याकाळच्या गर्दीत एका बाकावर बसून मी चेन उघडत होते, हात आत घालत होते, अस्तर चाचपत होते. दोन सेफ्टी पिना, बुटाची एक जादा नाडी, मोजे आणि हळद. माझ्या बोटांना ती हळद लागली ती घरी जाऊन साबणाने धुतली तरी दोन-तीन दिवस राहिली.

घरी मी सॅक बेडरूमच्या दाराला अडकवली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे विकत घेतलीही नाहीस आणि घेऊनही आलीस."

पुढचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की मला वाटायचं सविता असेल, आणि ती नसली की मला बरं वाटायचं. का बरं वाटतं ते मी काही काळ स्वतःपासून लपवलं. मग एका सकाळी ती सॅक पाठीला लावून आरशासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं की मी एका अनोळखी आईच्या नकाराची वाट पाहत आहे. तिने लेकीला अडवावं म्हणजे माझा हात बधिर होणार नाही! दिवसभर लोकांवर संशय घेत फिरलेल्या बाईला स्वतःवर तो घ्यायची वेळ आली.

त्याच रविवारी मी जळगावला गेले. ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात तांदळाच्या पिशव्या घेऊन गेले, दुकानदार हसला तरी त्या प्रत्येक सॅकमध्ये भरल्या आणि जिना चढले-उतरले. तो म्हणत होता, "मॅडम, ही सगळ्यांना बसते." मी त्याचं काही ऐकलं नाही. शेवटी एक मिळाली, जिचा खांद्याकडचा भाग खाली सरकवता येत होता. सगळ्यात खालच्या खाचेत बसवल्यावर कमरपट्टा हाडांवर आला. निळीइतकी चांगली नव्हती. उजव्या खांद्यावर थोडी टेकत होती. पण ती माझी होती, आणि मी ती घेऊन घरी आल्यावर पहिल्यांदा मोकळेपणाने फोनकडे पाहिलं.

सविताचा फोन आला तो मोजून चार शब्दांचा. "गाडीच्या दिवशी येते, ताई."

दुपारच्या वेळी मी निळी सॅक घेऊन भुसावळच्या फलाटावर उभी होते. सविता पायऱ्यांवरून उतरली, आणि तिच्या मागून कठड्याला धरून एक बाई. ठेंगणी, काटक, डोक्यावर पदर. सविताला बोट दाखवावं लागलं नाही. आई होती ती. तिने मला नमस्कार केला नाही, मीही केला नाही. ती सॅककडे पाहत होती.

"हिच्यात काय काय घेऊन जाती ही?" तिने मला विचारलं, जणू मी त्या कामावरची कुणी होते.

सविताने सोबतच्या दोन पिशव्यांमधलं सामान सॅकमध्ये भरलं. कपडे, डबा, झोपायची पिशवी, आणखी काय काय. चेन लावली. ती पाठीवर घेणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. मला लाव आधी."

"आई, जड हाय."

"जड मी बघितलं न्हाई का कधी? लाव."

सविता मागे झाली. मी आणि तिने दोन्ही बाजूंनी सॅक उचलून त्या माउलीच्या पाठीवर ठेवली. सविताने पुढे बसून कमरपट्टा आईच्या लुगड्यावरून कमरेच्या हाडांवर आवळला. मग खांद्याचे पट्टे. ते ओढायला लागलेच नाहीत. जिथे होते तिथेच बसले. फलाटावरची माणसं बघत होती. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती चार पावलं गेली, वळली, परत आली.

जन्मभर डोक्यावर टोपल्या आणि कडेवर घागरी वाहिलेली ती बाई खांद्यावरचा पट्टा बोटाने उचलून पाहू लागली.

"खांद्याला तर काहीच लागून न्हाई राहिलं," ती म्हणाली.

"न्हाई लागत," सविता म्हणाली.

"आन बर्फात? तिथं बी अशीच राहती? हलत न्हाई?"

"हलत न्हाई."

आईने मान डोलावली नाही की आशीर्वाद दिला नाही. तिने स्वतःच्या हाताने कमरपट्ट्याचं बकल शोधलं, पण तिला ते उघडता आलं नाही. सविताने दोन बोटांनी दाबून दाखवलं. आईने ते पुन्हा लावलं, पुन्हा स्वतः उघडलं. मग सॅक उतरवून लेकीच्या पाठीवर चढवली आणि बकल तिने लावलं. खटका वाजला तरी एकदा ओढून पाहिलं.

गाडी सुटल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. तिची परतीची गाडी संध्याकाळची होती. तिने पिशवीतून हुळा काढला आणि माझ्यापुढे मूठ धरली. मी घेतला. तिने विचारलं, मला लेकरं किती. मी खरं सांगितलं.